गिधाडांबरोबर विषाचीही मोजदाद व्हावी

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पांढऱ्या पाठीची दहा गिधाडे ताडोबात आणि लांब चोचीची दहा गिधाडे पेंचमध्ये आणण्यात आली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून त्यांना तिथल्या हवापाण्याची सवय होऊ दिली गेली आणि मग उपग्रहाद्वारे मागोवा घेणारी यंत्रे लावून त्यांना मोकळे सोडण्यात आले. तेव्हापासून गिधाडांच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत पुन्हा दिसू लागल्या आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र किती पक्षी आणले, किती सोडले, कोणता कुठवर उडाला, हे सर्व त्या बातम्यांत वाचायला मिळत असताना एक आकडा त्यांत कधीच आढळत नाही. ज्या डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामक औषधाने हे पक्षी देशभर मेले, ते औषध आज महाराष्ट्रातल्या मेलेल्या गुराढोरांच्या शरीरात किती प्रमाणात सापडते, हा तो आकडा. माझी सारी नोकरी पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यांत गेली असल्यामुळे या प्रश्नाची जनावरांकडची बाजू मला जवळून माहीत आहे, आणि म्हणून हे पत्र.

आधी हे सांगायला हवे की गिधाडांचा ऱ्हास आपल्याला कळला, तो कुणीतरी पूर्वी मोजून ठेवले होते म्हणून. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील बहुधा सर्वांत विपुल मोठा शिकारी पक्षी समजला जात असे. इतक्या सर्वत्र दिसणाऱ्या पक्ष्याची गणती करण्याची गरज फारशी कुणाला वाटत नव्हती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे बीएनएचएसचे, डॉ. विभू प्रकाश यांनी मात्र भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करताना गिधाडांची घरटी आणि संख्या यांची नोंद ठेवली होती. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा झाडांवर माना टाकून दिवसचे दिवस बसून राहिलेली गिधाडे, घरट्यांत मरून पडलेले पक्षी आणि रिकामी झाडे त्यांना दिसली. १९८७-८८ च्या तुलनेत १९९८-९९ पर्यंत तेथील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९५ टक्क्यांहून अधिक घटली होती. हे केवळ भरतपूरपुरते आहे की सगळीकडे, या प्रश्नाचे उत्तरही जुन्या नोंदींनीच दिले. १९९१ ते १९९३ या काळात संस्थेने देशाच्या अनेक भागांत गाडीने फिरून रस्त्यांच्या कडेने दिसणारे शिकारी पक्षी मोजले होते. २००० पासून त्याच मार्गांवर त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी झाली. २००७ पर्यंतचे चित्र असे निघाले की पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ च्या मानाने ९९.९ टक्के, तर लांब चोचीची व निमुळत्या चोचीची गिधाडे मिळून जवळपास ९७ टक्के कमी झाली आहेत. हजार पांढऱ्या पाठीच्या गिधाडांमागे एक उरले. १९९१ साली ती मोजणी करणाऱ्यांना पुढे काय होणार याची कल्पना नव्हती, तरीही त्यांनी काटेकोरपणे मोजले, आणि त्या काटेकोरपणाचे ऋण आज आपल्यावर आहे.

कारण शोधताना प्रथम संशय साथीच्या रोगावर गेला, आणि तो रास्तही होता. परंतु पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात द पेरेग्रिन फंड या शिकारी पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पात काम करणारे पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी मेलेल्या पक्ष्यांत विषाणू, जिवाणू, कीटकनाशके, जड धातू असे सगळे तपासले, तरी काही हाती लागले नाही. मेलेल्या बहुतेक गिधाडांच्या शवविच्छेदनात एकच खूण वारंवार दिसत होती. मूत्रपिंड, यकृत आणि हृदयाच्या आवरणावर चुन्याची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर असे. पक्ष्यांचे मूत्रपिंड निकामी झाले की रक्तातले युरिक आम्ल बाहेर पडत नाही आणि त्याचे स्फटिक अवयवांवर साचतात, त्याचा हा थर. तेव्हा या मंडळींनी प्रश्न उलट बाजूने विचारला. त्यांनी त्या भागातील पशुवैद्यांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे जाऊन विचारणा केली, की जनावरांना दिली जाणारी, मूत्रपिंडाला इजा करू शकणारी आणि मांसावाटे पोटात गेल्यास शोषली जाणारी औषधे कोणती. उत्तरात एकच नाव आले, डायक्लोफिनॅक. मग मूत्रपिंडांची तपासणी झाली. हा थर असलेल्या पंचवीसच्या पंचवीस गिधाडांत डायक्लोफिनॅक सापडले, आणि अन्य कारणांनी मेलेल्या तेरापैकी एकातही सापडले नाही. २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. माझ्या व्यवसायातल्या माणसाला या शोधाचे विशेष वाटते ते याचे, की प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रांइतकेच काम औषधाच्या दुकानात जाऊन विचारलेल्या साध्या प्रश्नाने केले.

हे औषध आपल्याकडे इतके का पसरले, हेही वाचकांना समजायला हवे. तिवा झालेला बैल पाय ओढू लागतो, स्तनदाह झालेली गाय कासेला हात लावू देत नाही, वासराला ताप भरतो. अशा वेळी ताप आणि सूज उतरवणारे इंजेक्शन ही दवाखान्यातली रोजची गरज असते. १९९० च्या दशकात डायक्लोफिनॅक स्वस्तात मिळू लागले, त्याचा गुण चटकन दिसे, आणि पशुपालक स्वतःच त्याची मागणी करू लागले. जनावराच्या शरीरातून ते काही दिवसांत निघूनही जाते. धोका असतो तो इंजेक्शन दिल्यापासून दोन-तीन दिवसांच्या आत जनावर दगावले तर. पण ज्या जनावराची शेवटची धडपड चालू असते, त्यालाच तर हे इंजेक्शन दिले जाते. ते मेले, उघड्यावर टाकले गेले, की एका शवावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. एका गायीने त्यांतले किती पक्षी मरत असतील, याचा अंदाज यावरून करावा. वर्षाला एकच अंडे घालणारा आणि पाच वर्षांच्या सुमारास वयात येणारा हा पक्षी अशी हानी भरून काढू शकत नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि सार्वजनिक चर्चेत तोच सर्वांत कमी येतो. केंब्रिजचे ऱ्हिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच गणिताने दाखवून दिले होते, की गिधाडांची जी घट प्रत्यक्ष दिसते आहे तेवढी घट घडवून आणायला मेलेल्या जनावरांपैकी फार थोडी विषारी असली तरी पुरते. पक्षी किती दिवसांनी खातात यासारख्या गृहीतकांप्रमाणे हे प्रमाण दर १३० शवांमागे एक ते दर ७६० शवांमागे एक, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी निघाले. प्रत्यक्षात काय होते, हे पाहण्यासाठी २००४-०५ मध्ये भारतातून १,८४८ जनावरांच्या यकृतांचे नमुने गोळा करून तपासण्यात आले, तेव्हा सुमारे दहा टक्के नमुन्यांत डायक्लोफिनॅक आढळले. पुरेल त्याहून कितीतरी पट अधिक विष तेव्हा उघड्यावर पडलेले होते.

मे २००६ मध्ये केंद्राने पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकचे उत्पादन थांबवण्याचे निर्देश दिले आणि २००८ मध्ये राजपत्रातून बंदी पक्की झाली. त्यानंतर पुन्हा यकृतांचे नमुने घेतले, तेव्हा विषाचे प्रमाण बरेच खाली आले होते, पण संपले नव्हते. का संपले नव्हते, याचे उत्तर गिऱ्हाईक बनून औषधांच्या दुकानांत केलेल्या पाहणीने दिले. २००७ ते २०१० या काळात पाहिलेल्या दुकानांपैकी ३६ टक्के दुकानांत जनावरासाठी म्हणून मागितल्यावर डायक्लोफिनॅक मिळत होते. बाटलीवर माणसांसाठी असे लिहिलेले असे, पण बाटली ३० मिलिलिटरची. माणसाच्या एका इंजेक्शनाला ३ मिलिलिटर लागतात आणि त्यात ७५ मिलिग्रॅम औषध असते, तर चारशे किलोच्या गायीला साधारण ४०० मिलिग्रॅम लागते. ती मोठी बाटली कुणासाठी होती, हे सांगायला औषधशास्त्राची पदवी लागत नाही. म्हणूनच २०१५ मध्ये माणसांसाठीचे डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेत विकण्याचा नियम झाला. एका गायीसाठी पाच-सहा कुप्या फोडत बसण्यापेक्षा मेलॉक्सिकॅम या पर्यायी वेदनाशामकाची एक बाटली घेणे सोपे व्हावे, हा त्यामागचा हिशेब. मेलॉक्सिकॅम गिधाडांना अपाय करत नाही, हे २००६ मध्येच प्रयोगांनी सिद्ध झाले होते. पुढे टोल्फेनॅमिक आम्लही सुरक्षित ठरले. म्हणजे जनावराला वेदनेत ठेवून गिधाडे वाचवा, असे कुणी पशुपालकाला सांगत नाही. दोन्ही साधणारी औषधे उपलब्ध आहेत आणि ती आवाक्यातली आहेत.

मात्र एका औषधाला दार बंद केले, की त्याच जातकुळीतले दुसरे आत येते. केटोप्रोफेन गिधाडांना मारक आहे हे २००९ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगांनी दाखवले. बांगलादेशाने २०२१ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, आपल्याकडे ती जुलै २०२३ मध्ये आली. अॅसिक्लोफिनॅक गायीच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते, हे २०१६ पर्यंत स्पष्ट झाले होते, त्यावरही बंदी २०२३ मध्येच. निमेसुलाईड पोटात गेलेली गिधाडे त्याच पांढऱ्या थरासह मेलेली सापडल्याची नोंद २०१६ मधली आहे, आणि बंदी डिसेंबर २०२४ अखेरची. पुरावा आणि बंदी यांच्यामधली ही सात-आठ ते चौदा वर्षे गिधाडांच्या हिशेबात फार मोठी आहेत. या काळात वर्षागणिक किती पक्षी मेले, हे कुणी मोजलेले नाही, पण ज्या जातीची हजारातली एक उरली आहे तिला एक वर्षही वाया घालवणे परवडणारे नाही.

माझी पहिली मागणी म्हणूनच केंद्राकडे आहे आणि ती नवी नाही. २०२० ते २०२५ साठीच्या राष्ट्रीय गिधाड संवर्धन कृती आराखड्यात, गिधाडांना विषारी ठरलेले औषध पशुवैद्यकीय वापरातून आपोआप बाद होईल अशी व्यवस्था असावी, असे म्हटलेले होते. त्या आराखड्याची मुदत सरली. आता एक पाऊल पुढे जाऊन, गुरांसाठी नवे वेदनाशामक औषध बाजारात आणू पाहणाऱ्या उत्पादकानेच ते गिधाडांना निर्धोक असल्याचे आधी सिद्ध करावे, असा परवान्याचा नियम हवा. आज सिद्ध करण्याची जबाबदारी पक्षी-संशोधकांवर आहे, आणि ते प्रत्येक औषधामागे पैसे जमवत, परवानग्या मिळवत, मोजक्या बंदिस्त पक्ष्यांवर प्रयोग करत धावत राहतात. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने बीएनएचएसबरोबर या चाचण्यांचे मोलाचे काम केले आहे. त्याचा खर्च औषध विकून नफा मिळवणाऱ्याने उचलावा, यात अन्याय कोणता?

दुसरी मागणी राज्य सरकारकडे आहे आणि तिच्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्रात दरवर्षी मेलेल्या जनावरांच्या यकृतांची तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत. गिधाडांची संख्या पाहून धोका कळतो तो फार उशिरा, कारण संख्या घसरलेली दिसते तोवर पक्षी मेलेले असतात. यकृताच्या तुकड्यातून तो आधी कळतो. काम अवघड नाही. गोशाळा, मेलेली जनावरे टाकण्याच्या गावोगावच्या जागा आणि वनखाते गिधाडांसाठी चालवते ती खाद्यकेंद्रे येथून यकृताचा छोटासा तुकडा घ्यायचा, त्यावर तारीख, तालुका आणि जनावराचा प्रकार नोंदवायचा, तो थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचा. पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने तालुक्या-तालुक्यात आहेत, पुण्यात औंधला रोग अन्वेषणाची प्रयोगशाळा आहे, नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालये आहेत. पशुपालकाचे नाव नोंदवण्याचे काहीच कारण नाही. त्याला अडकवण्यासाठी हे करायचे नाही, आणि तशी भीती निर्माण झाली तर नमुने मिळणारही नाहीत.

नमुने किती घ्यायचे, याबाबत मात्र हयगय चालणार नाही. समजा एखाद्या जिल्ह्यात शंभरातले एक शव विषारी आहे, म्हणजे ग्रीन यांच्या गणिताप्रमाणे गिधाडे संपवायला पुरेसे. तिथे पन्नास नमुने तपासले, तर त्यांत एकही विषारी न निघण्याची शक्यता साठ टक्के आहे. मग अहवालात ‘डायक्लोफिनॅक आढळले नाही’ असे लिहिले जाईल आणि सगळे निश्चिंत होतील. निदान एक तरी सापडेल अशी पंचाण्णव टक्के खात्री हवी असेल, तर तीनशेच्या आसपास नमुने लागतात. ज्या जिल्ह्यांत गिधाडांच्या वसाहती आजही टिकून आहेत, म्हणजे रायगड, नाशिक, गडचिरोली, आणि जिथे ती सोडली जात आहेत ते चंद्रपूर व नागपूर, एवढ्यांपासून सुरुवात केली तरी नमुन्यांची संख्या आटोक्यात राहील. जोडीला अन्न व औषध प्रशासनाने गिऱ्हाईक पाठवून दुकानांची पाहणी वर्षातून एकदा करावी आणि बंदी असलेली औषधे किती टक्के दुकानांत मिळाली, तो आकडाही प्रसिद्ध करावा.

गिधाडे सोडण्याला माझा विरोध आहे, असा अर्थ कृपया काढू नये. पिंजोरला वर्षानुवर्षे कष्ट घेऊन पक्षी वाढवणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु ताडोबातून सोडलेल्या गिधाडांपैकी एक पक्षी राज्ये ओलांडत थेट तमिळनाडूत जाऊन पोहोचला, ही गोष्ट सर्वांनी लक्षात घ्यावी. व्याघ्र प्रकल्पाच्या आत मांस कितीही निर्धोक असले, तरी ज्याची भरारी एवढी आहे तो पक्षी प्रकल्पाच्या सीमेत राहणार नाही. म्हणूनच गिधाडांसाठी सुरक्षित क्षेत्राची जी कल्पना आहे, तिच्यात वसाहतीभोवतीचा शंभर किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश धरला जातो. त्या वर्तुळात वाघ थोडे आणि गोठे, दवाखाने, औषधांची दुकाने फार असतात. नेपाळने हेच वर्तुळ स्वच्छ करण्यावर भर दिला. तेथे गावागावांत डायक्लोफिनॅक परत घेऊन मेलॉक्सिकॅम दिले गेले, आणि गेल्या दशकात तिथल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सावरू लागली. आपल्याकडे पिंजऱ्याचे दार उघडण्याच्या समारंभाला छायाचित्रकार असतात, दुकानांच्या पाहणीला नसतात, एवढाच काय तो फरक असेल तर तो दूर करणे वर्तमानपत्रांच्या हाती आहे.

गिधाडे कमी झाली ती खाद्य कमी झाल्यामुळे, असे म्हणणारे अजूनही भेटतात. काही ठिकाणी आज खाद्य कमी आहे, हे मला मान्य आहे. लम्पीच्या साथीत मेलेली जनावरे पुरावी लागली आणि तो सल्ला योग्यच होता. पण १९९२ ते २००३ या काळात, गिधाडे कोसळत असतानाच, देशातल्या भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी वाढल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. शवे होती, ती खाणारे बदलले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी गिधाडे विपुल असलेल्या जिल्ह्यांची इतरांशी तुलना करून २००० ते २००५ या काळात देशात दरवर्षी सुमारे एक लाख जास्तीचे मानवी मृत्यू या ऱ्हासाशी जोडलेले असल्याचे दाखवले आहे. कुत्र्यांमार्फत पसरणारा रेबीज आणि कुजणाऱ्या शवांनी दूषित होणारे पाणी, ही त्यामागची संभाव्य कारणे. मुंबईच्या पारशी समाजाला डुंगरवाडीत, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या त्यांच्या जागेत, गिधाडांच्या जागी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली, ही हानी तर कोणत्याही आकड्यात मावत नाही.

शेवटी वाचकांना एक विनंती. कोकणात, नाशिकच्या डोंगराळ भागात किंवा विदर्भात कुठे मेलेले वा मान टाकून बसलेले गिधाड दिसले, तर ते पुरू नका, जाळू नका आणि ‘म्हातारे झाले असेल’ म्हणून सोडूनही देऊ नका. लगेच जवळच्या वनपालाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा. पक्षी जिवंत असेल तर त्याच्यावर उपचार होऊ शकतात. मेला असेल तर उन्हात मूत्रपिंड काही तासांत सडू लागते आणि मग मृत्यूचे कारण सांगता येत नाही, म्हणून तो सावलीत झाकून ठेवून त्याच दिवशी शवविच्छेदन व्हावे, असा आग्रह धरा. आणि आपल्या गोठ्यात जनावर आजारी असेल, तर औषध लिहून घेताना पशुवैद्याकडून मेलॉक्सिकॅम मागून घ्या. इंजेक्शन दिल्यावर दोन-चार दिवसांत जनावर दगावले, तर त्याला कोणते औषध दिले होते ते नेणाऱ्याला सांगा. गिधाडांच्या खाद्यकेंद्रावर असे जनावर जाऊ नये, एवढी खबरदारी त्या एका वाक्याने घेतली जाते.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुवैद्यक, नाशिक